खिडकीची बाज

गिरणीवाल्या आत्या माणसं पायांवरून ओळखायच्या. कोणी गिरणीची पायरी चढलं की त्यांची नजर आधी खाली जायची आणि मग आवाज यायचा, "या मास्तर. टाचा लय फुटल्यात की हो, रातच्याला तेल लावीत जा." नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी लाजाळू आहे, वर बघत नाही. आमच्या झरी गावात आत्यांना लाजाळू समजण्याची चूक माणूस एकदाच करत असे. पायांकडे बघायची ही सवय त्यांना साठीनंतर लागली आणि ती लागायला कारण मी. अभिमानानं सांगावं असं त्यात काही नाही. पण माझ्या आयुष्यातल्या सांगण्याजोग्या बहुतेक गोष्टी अशाच आहेत.

आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. इकडे माझं चष्म्याचं, तिकडे आत्यांची पिठाची गिरणी. भिंतीच्या फटींतून दिवसभर माझ्या काचांवर पीठ बसे. मी दिवसभर काचा पुसत असे. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना माझा धंदा जोरात चाललाय असं वाटे. या एका बाबतीत आत्यांचे माझ्यावर उपकारच होते.

आत्यांचा डावा डोळा लहानपणी गोवरात गेलेला. नवरा लवकर गेला, लेक बोरीला दिलेली. उरला उजवा डोळा, आणि त्या एका डोळ्यावर त्यांनी तीस वर्षं गिरणी चालवली. कोणाचा डबा कोणता, कोणाच्या ज्वारीत खडे आहेत, कोणी गव्हात मका मिसळून आणलाय, सगळं त्या एका नजरेत. पडणाऱ्या पिठाखाली हात धरायच्या, चिमूट अंगठ्यानं चोळायच्या आणि दगड अर्ध्या केसानं घट्ट करायच्या. कोणी "आत्या, जरा लवकर" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "घाई हाय त्यानं पुड्यातलं पीठ घ्यावं." घाई असलेला माणूस मग मुकाट्यानं आपला डबा रांगेत ठेवून सावलीला बसे.

मला त्या 'डाक्टर' म्हणत. मी डॉक्टर नव्हे. डोळे तपासून नंबर काढायचा दोन वर्षांचा कोर्स केलेला माणूस. बोरी, मानवतच्या बाजारांना जुन्या व्हॅनमध्ये चष्मे घेऊन फिरायचं आणि उरलेल्या दिवशी झरीत बसायचं, एवढंच माझं काम. पण कोणी डॉक्टर म्हटलं तर मी दुरुस्तही करत नसे. उलट आवाज थोडा खाली आणून "काय तकलीफ आहे?" असं विचारत असे. बायको म्हणायची, "एक दिवस ही डॉक्टरकी अंगाशी येणार." ती आत्यांच्या अंगाशी येईल हे तिलाही वाटलं नव्हतं.

लॉकडाऊन लागला. माझं दुकान बंद, आत्यांची गिरणी चालू. चष्म्यावाचून माणूस काही दिवस काढू शकतो, भाकरीवाचून नाही, हे सरकारला कळत होतं. गिरणीपुढे आत्यांनी चुन्याचे चौकोन आखले. त्या चौकोनांत माणसांऐवजी डबे उभे राहत आणि माणसं लांब लिंबाखाली. मी बंद दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांना सल्ले देत असे. रिकामा माणूस सल्ले फार चांगले देतो.

एका सकाळी आत्या म्हणाल्या, "डाक्टर, डोळ्यापुढं पीठ उडायलंय."

"तीस वर्षं पिठात बसल्यावर आत्या, डोळ्यापुढं पीठ नाही तर काय गुलाल उडणार?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "गिरणी बंद केल्यावर बी उडायलंय हो."

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी घरातून थेंबांची बाटली आणून दिली आणि रोज तीन वेळा स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायला सांगितलं. बाटली काठीच्या टोकाला बांधून दिली, कारण अंतर पाळायचं होतं. नियम मी सगळे पाळत होतो.

चार दिवसांनी त्यांनी सांगितलं, "कडंला चमकायलंय. इज चमकावी तसं." गिरणीच्या मोटारीचा स्टार्टर त्यांच्या उजव्या हाताला, फार जुना, बटण दाबलं की आत ठिणगी उडे. मला लगेच सगळं उमजलं. मी वायरमनला फोन केला. तो आला, खोलून बघितलं आणि म्हणाला, "स्टार्टर ठणठणीत हाय." मी म्हणालो, "नीट बघ." तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा ठणठणीत. शेवटी माझ्या समाधानासाठी त्यानं त्यावर पत्र्याचं झाकण ठोकलं. आत्या म्हणाल्या, "झाकण चांगलं झालं. चमकणं हाय तसंच हाय."

मग खालून अंधार यायला लागला. "पायरी दिसंना झालीय, डाक्टर. खालून काळं काळं वर यायलंय." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या बायकोनं शिवलेला मास्क त्यांच्या गालावर चढून पार डोळ्याच्या कडेपर्यंत आलेला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तुझा मास्क मोठा झालाय, आत्यांना पुढचं दिसत नाही. तिनं रागारागानं दुसरा, लहान मास्क शिवून दिला. आत्यांनी तो बांधला आणि माझ्या समाधानासाठी म्हणाल्या, "हां, आता बरं वाटायलंय." माझ्या समाधानासाठी त्या काळात बरेच लोक बरंच काही करत होते.

पीठ, स्टार्टर आणि मास्क. तीन दुखण्यांना माझ्याकडे तीन कारणं तयार होती. यातली गंमत अशी, की कोर्सला असताना आमच्या सरांनी फळ्यावर याच तीन दुखण्यांची नावं लिहून दिली होती. माशा, चमक, अंधार. ते म्हणाले होते, या तीन गोष्टी एका ओळीत आल्या की समजायचं, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. नंबर काढत बसू नका, पेशंटला गाडीत घाला. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. अधोरेखितही केलं होतं.

अकराव्या दिवशी आत्यांनी कोणाची तरी अर्धी पायली ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली आणि ती सगळी शेजारी जमिनीवर पडली. तीस वर्षांत त्यांच्या हातून दाणा सांडला नव्हता. लिंबाखालची माणसं उठून उभी राहिली. आत्या तशाच उभ्या, रिकामा डबा हातात. मी नियम सोडून जवळ गेलो आणि हाताची पाची बोटं त्यांच्यापुढे उभी धरली.

"किती बोटं, आत्या?"

"बोटाची शेंडं दिसायलीत. खाली हातच न्हाई."

 वहीतलं पान मला ओळीसकट आठवलं.

पडद्याचं ऑपरेशन नांदेडला. एस.टी. बंद, जिल्ह्याबाहेर जायला पास लागणार. मी मोबाईलवर अर्ज भरला. घाईत होतो हे खरं, पण त्या अर्जात मी जे केलं त्याला घाई हे कारण पुरत नाही. पास आला, आम्ही निघालो, पुढे मी चालवायला आणि मागे आत्या. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसानं अडवलं. पास वाचला. पुन्हा वाचला. मग खिडकीतून वाकून म्हणाला, "डोळ्याचा पेशंट तुमी?"

मी पास हातात घेतला. पेशंट म्हणून मी माझं नाव घातलं होतं. सोबत जाणारी व्यक्ती म्हणून आत्यांचं.

"डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून नांदेडला चाललात," पोलिस म्हणाला, "आन् गाडी बी तुमीच चालवायलेत?"

 मागून आत्या बोलल्या, "साहेब, ह्यांला रस्ता दिसतो. लांबचं समदं दिसतं. जवळचं दिसत न्हाई. अकरा दिस माझ्या डोळ्यात बगायलेत, काय बी दिसलं न्हाई."

मग पोलिसाला खरं कळावं म्हणून त्या स्वतः दार उघडून खाली उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि रस्त्यात आडव्या ठेवलेल्या पिंपावर सरळ जाऊन आदळल्या. पोलिसानं त्यांना धरून परत गाडीत बसवलं, पिंप बाजूला केलं आणि मला म्हणाला, "जावा. पण हळू चालवा, तुमचं बी काय खरं न्हाई."

दवाखान्यात आधी नाकातला स्वॅब. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन नाही. ते दोन दिवस आम्ही आवारातच, व्हॅनमध्ये. आत्या मागच्या सीटवर, मी चष्म्यांच्या खोक्यांवर. दोन दिवसांत त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई पायापासून डोक्यापर्यंत त्या पांढऱ्या पोशाखात, फक्त डोळे दिसत. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटावा ना, तसा पडदा सुटलाय. मधला भागही सुटला. आणि त्याला चुण्या पडायला लागल्यात. आत तेल भरावं लागेल. आठ-दहा दिवस आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती." मग थकल्यासारख्या म्हणाल्या, "तुमचंच नाही. या दिवसांत सगळे असेच येतायत. कोणाला गाडी मिळत नाही, कोणाला दवाखान्याचीच भीती. एरवी दुसऱ्या दिवशी येणारा पेशंट आता महिन्यानं येतो."

"दिसंल का?" आत्यांनी विचारलं.

"काही तरी नक्की दिसेल. किती ते आत्ता सांगत नाही. इतके दिवस घरी का थांबलात? कोणाला विचारलं नाही?"

मी फरशीकडे बघायला लागलो. फरशी पिवळी होती, तिला तपकिरी ठिपके होते.

आत्या म्हणाल्या, "ह्यांला इचारलं. पण ह्यांचा गुन्हा न्हाई, बाई. हे चष्मे इकतेत. डाक्टर म्हणायची सवय आमालाच."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं नाही, ते खऱ्या डॉक्टरसमोर. मला वाचवायला. मार खाल्ला असता तर इतकं लागलं नसतं.

ऑपरेशन झालं. एरवी चार दिवस ठेवून घेतात. तेव्हा खाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या, दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. पुढची तपासणी फोनवर. एकच ताकीद, पंधरा दिवस तोंड खाली. झोपताना, बसताना, जेवताना, जमेल तेवढा सगळा वेळ. आत भरलेलं तेल वर तरंगतं आणि मागच्या पडद्याला दाबून धरतं. माणूस पालथा असेल तरच ते नेमकं जागेवर बसतं. आत्यांना हे चटकन कळलं. "मोटारीला तेल घालतेत, मला बी घातलं. आता जाग्यावर बसू द्या."

पालथं झोपणं ऐकायला सोपं असतं. आम्ही उशा लावल्या, नाक दबलं. गोधड्यांच्या दोन वळकट्या लावल्या, मान अवघडली. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत्यांच्या कपाळावर वळ उठले. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी सुतळीची बाज आना. डोक्याकडच्या चार दोऱ्या सोडा आन् तोंडापुरती खिडकी करा."

बाज मी माझ्या दुकानात आणली. गिरणीत पीठ उडतं, ते डोळ्याला नको. माझं दुकान बंद होतं आणि त्याच्या काचा पुसलेल्या होत्या. मी चार दोऱ्या सोडल्या. सुतळीच्या विणीचा स्वभाव मला ठाऊक नव्हता. चार सुटल्यावर बाकीच्या आपणहून सुटायला लागल्या आणि बघता बघता खिडकीचा दरवाजा झाला, दरवाजाची वेस झाली. माझ्या हातात नुसता चौकटीचा सांगाडा. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता डॉक्टरकी झाली, सुतारकी झाली. अजून काय राहिलंय?"

आत्या जमिनीवर, गुडघ्यावर कपाळ टेकून बसलेल्या. त्या खाली बघतच सांगत गेल्या, "आडवी घ्या. आता उभीखालून काढा. ताना. ताना म्हणलं, कुरवाळू नका." कोपऱ्याला गाठ जमेना तेव्हा हात पुढे करून त्यांनी चाचपून स्वतः मारली. शेवटी बाज विणून झाली. डोक्याकडे वीतभर लांब, वीतभर रुंद खिडकी, तिच्या कडांना बायकोनं जुन्या पातळाच्या पट्ट्या गुंडाळल्या. आत्या पालथ्या झोपल्या, तोंड बरोबर खिडकीत बसलं. खालून आवाज आला, "झाडून घ्या, डाक्टर. तुमच्या दुकानात लय कचरा हाय."

पुन्हा 'डाक्टर' म्हणाल्या म्हणून मला भरून आलं. मग लक्षात आलं, काम सांगताना त्या प्रत्येकालाच एखादी पदवी लावतात.

पंधरा दिवस आत्यांना जग म्हणून दिसलं ते वीतभर जमीन, तेही धुक्यातून पाहावं तसं. गाव भेटायला येई, दारातून. पण दारातल्या माणसांचे फक्त पाय त्या खिडकीतून दिसत. आधी रंग ओळखायच्या, मग आकार, आठवडाभरात बोटं. "डावी चप्पल शिवलेली, तुमी हायेत व्हय," हे मी. "पाय आपटीत आली, म्हंजी आज ह्यांच्यावर राग हाय," ही माझी बायको. कोणाचा अंगठा बाहेर वळलेला, कोणाच्या करंगळीला कुरूप, सगळ्या गावाची नोंद त्यांच्या डोक्यात झाली. ज्यांना तोंड बघून बोलायचं असे ते सरळ बाजेखाली उताणे झोपत. माझी बायको रोज तशीच झोपून त्यांच्या डोळ्याची कड पुसून देई. आमच्या गावचे सोवळे गुरुजीही एक दिवस धोतर सावरत बाजेखाली शिरले आणि दोन घटका गप्पा मारून निघाले.

गिरणी मी चालवली. ती शिक्षा मला कोणी दिली नव्हती, पण दुसरा कोणी तयारही नव्हता. भिंतीपलीकडून आत्या आवाजावर चालवून घेत. "दगड घासायलाय, ढिला करा." "ही ज्वारी न्हाई, गहू हाय, पट्टा ताना." डोळा नसताना त्यांना जे कळत होतं ते मला दोन डोळे आणि चष्मा असताना कळत नव्हतं. त्यांच्या गिरणीत मिरचीला बंदी होती. का, ते मी विचारलं नव्हतं. एका बाईनं गयावया केली, "थोडीशीच हाय दादा," आणि मी मनानं मोठा असल्यामुळे दळून दिली. पुढचा डबा ज्वारीचा. तो लावला मात्र, लिंबाखाली पहिली शिंक आली. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा. त्या दिवसांत गावात कोणी शिंकलं की माणसं घराची कडी लावत. बघता बघता लिंबाखाली चिटपाखरू उरलं नाही, डबे चौकोनांत तसेच उभे.  मग भिंतीपलीकडून आत्यांचा आवाज, "मिरची दळली का?"

"थोडीशीच," मी शिंकत म्हणालो.

बाज हलायला लागली. मला वाटलं, त्या रडतायत. धावत गेलो, बाजेखाली शिरलो. हसून हसून त्यांच्या नाकाचं पाणी टपटप माझ्या चष्म्यावर पडत होतं. "हसवू नका हो," त्या म्हणाल्या, "तेल हालंल." ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. तिथंच, उताणं पडल्या पडल्या, मी म्हणालो, "आत्या, चुकलो मी." किती वेळा जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, खूप मोठं होतं, ऐन वेळी दोनच शब्द राहिले.

खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिसत किती होतं देव जाणे. म्हणाल्या, "मिरचीचं म्हणायलेत का डोळ्याचं?"

"दोन्हीचं."

"मिरचीचं माफ न्हाई."

तेल काढायचं दुसरं ऑपरेशन दुसऱ्या लाटेमुळे लांबलं, पण झालं. पडदा जागेवर राहिला. माझ्या तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी त्या वाचतात. आधी सहा वाचायच्या. त्या खालच्या तीन ओळी माझ्या नावावर आहेत, हे मी कोणाला सांगितलं नाही तरी मला रोज दुकान उघडताना तक्ता दिसतो. सरळ वस्तू त्यांना जरा वाकड्या दिसतात. "दाराची चौकट वाकडी दिसती," त्या म्हणाल्या, "तुमचं तोंड बी. पन ते आधीपासूनच तसं असंल." बाकी गिरणी पुन्हा त्यांच्या हातात आली. चिमूट अंगठ्यानं चोळायला डोळा लागत नाही. नजर मात्र तेव्हापासून आधी माणसांच्या पायांकडे जायची. तोंडं पुसट दिसतात, म्हणायच्या, आणि तोंडावर माणसं काहीही आणतात. पाय खरं बोलतात.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं हट्ट धरला आणि आत्या बोरीला गेल्या. जायच्या दिवशी सगळं सामान टेम्पोत चढलं, बाज तेवढी त्यांनी उतरवायला लावली. "ही दुकानात ठिवा. कोणाला तरी लागंल." ती लागतेच. आजवर पडद्याचं ऑपरेशन झालेल्या पाच जणांकडे जाऊन आली, मानवतच्या एका अडत्याकडे तर महिनाभर होती. परत येताना कोणी दोरी बदलून देतं, कोणी कडांना नवी पट्टी लावतं. न्यायला येणाऱ्याला मी कसं झोपायचं ते दाखवतो, स्वतः पालथा पडून. त्यापुढचं विचारलं की सांगतो, मी डॉक्टर नाही. हे वाक्य आता मी न विचारता, दुकानात पाय ठेवताच सांगतो. बायको म्हणते, गिऱ्हाईक पळवायची नवी रीत काढली.

मागच्या महिन्यात एक ट्रॅक्टरवाला आला. नवा चष्मा हवा होता. बोलता बोलता म्हणाला, परवापासून डोळ्यापुढं डास उडायलेत, कडंला चमकायलंय, ट्रॅक्टरच्या डायनामोचं काही असंल. मी पेटी उघडली नाही. नंबर काढला नाही. दुकानाला तसंच कुलूप लावलं, त्याला व्हॅनमध्ये घातला आणि नांदेडचा रस्ता धरला. वाटेत तो तीनदा म्हणाला, "उद्या गेलो तर न्हाई का चालणार?" पडद्याला नुसतं भोक पडलं होतं. लेझरनं शिवल्यासारखं बंद केलं आणि संध्याकाळी तो दोन्ही डोळ्यांनी घरी. बाज सुद्धा लागली नाही.

मी आवारातूनच आत्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुमी त्याला काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, आत्या. नुसता गाडीत घातला."

"थेंब दिले?"

"नाही."

"वायरमन?"

"नाही हो."

 मागे त्यांच्या लेकीच्या घरची भांडी वाजत होती.

"मंग आता झालात डाक्टर," आत्या म्हणाल्या. आणि मी काही बोलायच्या आत, "पन पाटीवर लिहू नका."